बुडबुड्याएवढी जागा

आबांचं नाव आधी लिहितो, म्हणजे पुढचं सुचेल. आई-वडिलांनी मला शाळेत घातलं, गुरुजींनी शिकवलं, कॉलेजनं पदवी दिली. पण मी जे शिकलो ते खरं आहे, यावर माझा स्वतःचा विश्वास बसवला तो आबांनी. म्हणून मी सर्वांत जास्त ऋणी त्यांचाच आहे.

शहाद्याहून कळसाडीकडे जाताना उसाच्या आणि कपाशीच्या शेतांमध्ये एक लांबलचक पत्र्याचं छप्पर दिसतं. तिथं खिशातले लायटर तयार होतात. आबा त्या कंपनीचे मालक. कंपनीला रीतसर नाव आहे, पण आमच्या भागात ते कोणी घेत नाही. "कोठे कामले जास?" असं कोणी विचारलं तर "लायटरमा" एवढं उत्तर पुरतं. आबांचं खरं नावसुद्धा मी नेमणुकीच्या कागदावर पहिल्यांदा वाचलं, आणि ते दुसऱ्याच कोणाचं तरी वाटलं.

लायटर बनवणारा हा माणूस बिडी-सिगारेटचा कट्टर वैरी होता. कारखान्याच्या फाटकाशी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा ठेवलेला असे. आत येणाऱ्यानं खिशातली काडेपेटी त्यात टाकायची, मग तो कामगार असो, ट्रक ड्रायव्हर असो की सुरतेहून आलेला व्यापारी. जाताना परत मिळेल, असं आबा सांगत. जाताना कोणी मागितलीच, तर छातीपासून फुप्फुसापर्यंत इतकं ऐकवत की माणूस काडेपेटी सोडून वाट धरी. डबा भरला की आबा तो देवळात देऊन येत. तिथं दिवा लावायला काड्या लागतातच.

एका व्यापाऱ्यानं हसत विचारलं होतं, "आबा, सगळ्यांनी बिडी सोडली तर तुमचा लायटर घेणार कोण?"

"चूल पेटत नही का रे?" आबा म्हणाले. "देवपुढे दिवा लागत नही का? अन् होळी कोन पेटाडस, तुन्हा बाप?"

व्यापारी त्यांच्याहून थोडाच लहान होता. पण आबा कोणालाही असंच बोलत, आणि कोणी रागावत नसे. बोलताना त्यांच्या हातात एखादा लायटर असेच. विचार करताना ते तो पेटवत आणि विझवत. खट्. खट्. शेडमध्ये आबा कुठं आहेत हे त्या आवाजावरून कळे. त्यांच्या उजव्या अंगठ्याची कातडी काळी आणि टणक झाली होती. ताई, म्हणजे आबांची मुलगी, जी ऑफिस सांभाळते, ती म्हणायची की बँकेत आबांचा अंगठा घ्यायची वेळ आली तर काहीच उमटणार नाही.

कंपनीचा इतिहास कोणत्या पुस्तकात नाही, तो भिंतीवर आहे. आवाराच्या आतल्या बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर दरवर्षी एक ओळ रंगवली जाते. खंडेनवमीला यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फुटला, की पेंटर शिडी लावतो आणि आबा खालून सांगतात. ओळ एकच, आणि ती प्रमाण मराठीत हवी, असा त्यांचा दंडक. "भिंत शे ती, वट्टा नही," ते म्हणत; ओट्यावरच्या गप्पांची बोली तिथं नको. नवीन माणूस कामाला लागला की त्याला पहिल्या दिवशी ती भिंत वाचायला लावत. मीही वाचली.

'उसाच्या बांधावर वाऱ्यात काडी पेटेना. पितळी नळी कापली.' ही पहिली ओळ. आबा तेव्हा साखर कारखान्यात टर्नर होते. थंडीत उसाला पाणी देणारी माणसं शेकोटी पेटवायला बसत, आणि काड्या सादळलेल्या तरी असत नाहीतर वाऱ्यानं विझत. आबांनी पितळेच्या नळीत कापूस कोंबला, त्यावर पेट्रोल ओतलं, वर चकमकीचं चाक बसवलं.

'पहिला लायटर पेटला. सदऱ्याचा खिसा जळाला.'

'सारंगखेड्याच्या यात्रेत सगळे विकले गेले. घोडे बघायचे राहिले.'

'कापूस कळसाडीचा. बाकी सगळं आमचं.'

'मंडळी गेली. कारखाना एक दिवस बंद.' मंडळी म्हणजे ताईची आई.

'बाहेरून स्वस्त गॅसचा लायटर आला. पेटवून पाहिला. चांगला आहे.'

ही ओळ वाचून मी थबकलो होतो. त्या चांगल्या, स्वस्त लायटरनं आबांचा पितळी लायटर जवळजवळ संपवला होता. एकदा वापरून फेकायचे ते रंगीत लायटर पानटपरीवर टांगलेले असत. पितळेचा घेणार कोण? कंपनीनं मग बरीच वर्षं स्वयंपाकघरातले, ठिणगी पाडणारे लायटर केले. त्याचीही ओळ आहे: 'शेगडीचे लायटर करू लागलो. भूक कधी बंद पडत नाही.'

काही वर्षांपुढं मात्र नुसती आडवी रेघ होती. ज्या वर्षी सांगण्यासारखं काही घडलं नाही, त्या वर्षी रेघ. रेघ ओढायची वेळ आली की आबा खंडेनवमीचा प्रसादसुद्धा नीट खात नसत. "फुकट गयं साल," म्हणत आणि शिडीकडं पाठ करून बसत.

पुढं बाहेरच्या स्वस्त लायटरवर सरकारनं बंधनं आणली. आबांनी लगेच ठरवलं, आपण गॅसचा खिशातला लायटर करायचा. गॅस भरायचं जुनं मशीन आणलं, परवाने काढले. गॅसच्या कामाला रसायनशास्त्र शिकलेला माणूस हवा, असं ताईनं सांगितलं. म्हणून मी.

माझे वडील सालदार. दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि त्यामुळं एक विचित्र गोष्ट झाली होती. पुस्तकातलं मला परीक्षेपुरतं खरं वाटे. वायूचे नियम, द्रवांचं प्रसरण, हे सगळं मी अहिराणीत विचार करून, प्रमाण मराठीत घोकून, इंग्रजीत लिहिलं होतं. मार्क मिळाले. पण आमच्या गल्लीत, आमच्या उन्हात ते नियम लागू असतील, असं मनापासून कधी वाटलं नव्हतं.

मुलाखतीला गेलो तर आबांनी माझी गुणपत्रिका बघितलीच नाही. "बठ जीपमा," म्हणाले. आम्ही तोरणमाळचा घाट चढून वर गेलो. सीताखाईच्या काठाशी वारा असा होता की उभं राहायला पाय रोवावे लागत होते. कंपनीचा प्रत्येक नवा लायटर आधी इथं आणून वाऱ्यात तपासायचा, ही त्यांची जुनी रीत. त्यांनी माझ्या हातात नवा लायटर दिला. "पेटाड."

पेटला. वाऱ्यानं विझला. पुन्हा पेटवला. आबा नुसते "आनखी" म्हणत राहिले. शेवटी अंगठ्याची कातडी निघाली आणि चाकाला रक्त लागलं.

"लागनं का?" आबांनी विचारलं.

"हो आबा. चांगलंच लागलं."

"मंग उद्यापासून ये."

परतताना घाटात मी विचारलं, मुलाखत झाली का? आबा हसले. "मागला पोऱ्या शहरना व्हता. रगत गळे, अन् तो म्हने, काहीच नही लागनं. आगना धंदा शे आपला. जो सांगस की काहीच नही लागनं, तो मानूस माले नको."

तेव्हापासून ते मला 'बीएस्सी' म्हणू लागले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

आबांच्या मापाबद्दल इथं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरूनच घडलं. त्यांचे वडील बाजारात ज्वारी विकायचे. पायलीनं मोजताना धान्याची वर टोकदार शीग उभी राहून दाणे खाली सांडू लागेपर्यंत ओतत राहायचे. सांडलेले दाणेही गिऱ्हाइकाच्याच धोतरात. आबांनी तो बाणा पुढं चालवला. पितळी लायटरमधला कापूस ते निथळेपर्यंत भिजवत. नव्या मशीनला मात्र एक अटकाव होता. लायटर पुरता भरायच्या आतच मशीन थांबे. आबांना वाटलं, मशीन विकणारा लबाड आहे. "गिऱ्हाईकले अर्ध्या पोटे उठाडस हाऊ!" त्यांनी तो अटकाव काढून टाकला. भरणीच्या खोलीत लताबाई होत्या, जुन्या कामगार, हात अगदी सरावलेला. त्यांनी ऐन थंडीतल्या सकाळी लायटर काठोकाठ भरले. आबांनी रीतीप्रमाणं त्यातले काही तोरणमाळला नेऊन वाऱ्यात पेटवले. सगळे उत्तम पेटले. माल गोदामात गेला. मी कामाला लागलो तो होळीनंतर. तोवर ही भरणी होऊन गेली होती आणि मशीन साफसफाईला खोललेलं होतं.

वैशाखात पहिला माल गुजरातला निघाला. आमच्या ड्रायव्हरनं, भिकननं, सकाळीच ट्रक काढला. त्याच दिवशी मी भरणीच्या खोलीत उरलेले लायटर तपासत होतो. निळ्या प्लास्टिकचा एक उजेडाकडं धरला, आडवा केला, उलटा केला. आत काहीच हललं नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला. पाणी भरलेली बाटली आडवी केली की तिच्यात हवेचा बुडबुडा इकडून तिकडं पळतो, तसा लायटरमध्येही पळायला हवा. इथं बुडबुडाच नव्हता.

"लताबाई, बुडबुडा कुठं गेला?"

"कसाना बुडबुडा?" लताबाई म्हणाल्या. "बुडबुडा म्हनजे रिकामं. आबांनी सांगेल शे, रिकामं नही सोडानं. शिगेनं माप."

मी तसाच आबांकडं गेलो. ते शेडमध्ये होते. खट्. खट्.

"आबा, यात जागाच सोडलेली नाही. आतला गॅस द्रवरूप आहे. उन्हानं द्रव फुगतो. त्याला फुगायला जागा लागते."

"म्हनजे? मी माप मारू?"

"माप नाही, आबा. जागा. थोडीशी."

"कितला फुगस तो?"

"थोडाच. पण थोड्यालाही जागा लागते. नाही मिळाली तर तो लायटर फोडून बाहेर येईल."

आबांचं खट् खट् थांबलं. माझ्याकडं रोखून बघत त्यांनी विचारलं, "हाई तू दखेल शे का वाचेल शे?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण अंगठ्यावरची खूण अजून ताजी होती. "वाचलंय," मी म्हणालो. "बघितलेलं नाही."

"मंग दखू."

त्यांनी अंगणात, भर उन्हात, फरशीवर पितळी परात ठेवली. तिच्यात दोन लायटर. एक तसाच काठोकाठ भरलेला, दुसरा मी थोडा गॅस सोडून बुडबुडा केलेला. वर ताईची गव्हाची चाळणी पालथी. मग शेजारी खुर्ची टाकून स्वतः बसले. ताई ऑफिसातून ओरडत आली, "आबा, ऊन लागी जाई तुमले! सावलीत बसा ना! अन् ती मन्ही चाळणी शे!"

"लायटर उन्हात बठना, मंग मालकबी बठी." आणि मला म्हणाले, "तू जा सावलीत. तू वाचेल शे. माले दखनं शे."

मी व्हरांड्यात उभा राहिलो. शहाद्याचं वैशाखातलं ऊन कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. फरशीवर अनवाणी पाय टेकत नव्हता. आबांचा सदरा पाठीला चिकटला. लताबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या, मग हळूहळू बाकीच्या बायकाही.

फट्!

चाळणी उडाली आणि फरशीवर गोल गोल फिरत पडली. काठोकाठ भरलेल्या लायटरच्या दोन चिरफाळ्या झाल्या होत्या. गॅसचा वास व्हरांड्यापर्यंत आला. दुसरा लायटर परातीत तसाच होता. आबांनी तो धोतराच्या सोग्यात धरून उचलला, सावलीत आणून आडवा केला. आतला बुडबुडा लहान झाला होता, पण होता.

"जागा कामले उनी," आबा स्वतःशीच म्हणाले. सोडलेली जागा खरंच कामाला आली होती. मग एकदम रस्त्याकडं बघून म्हणाले, "भिकन."

ते नाव उच्चारताच सगळ्यांना सगळं समजलं. लायटर वाऱ्यात तपासला होता, थंडीत तपासला होता. ज्या उन्हात तो राहणार होता, त्या उन्हात कोणी तपासला नव्हता. आणि आता तसल्या लायटरांनी भरलेला ट्रक, वर ताडपत्री आवळलेला, दुपारच्या उन्हात रस्त्यावर होता. फुटलेल्या लायटरांचा गॅस ताडपत्रीखाली साठणार, आणि एक ठिणगी पुरणार.

ताईनं फोन लावला. ऑफिसच्या खिडकीत कोणाचा तरी फोन वाजू लागला. भिकन आपला फोन चार्जिंगला लावून तिथंच विसरून गेला होता.

"आबा," ताईचा आवाज बदलला. "भिकनसोबत त्याची बायको बी शे. अन् ल्हानी पोर. त्याले मी सांगेल व्हतं, अक्कलकुव्याला तिले माहेरी सोडी दे, वाटवरच शे."

पुढच्या क्षणी आबा जीपमध्ये होते आणि मी त्यांच्या शेजारी. ताईनं पोलिसांना आणि वाटेतल्या ओळखीच्या पंपावर कळवायला सुरुवात केली. तळोदा मागं पडलं. समोरून धूर दिसला की दोघंही पुढं वाकायचो. तो वीटभट्टीचा निघे, नाहीतर शेतात जाळलेल्या पाचटाचा. मी सगळ्या रस्ताभर मनात एकच म्हणत होतो, माझं पुस्तक खोटं निघू दे. अंगणात फुटला तो एकटाच वाईट असू दे. आयुष्यात पहिल्यांदा माझं शिक्षण खरं ठरलं होतं, आणि ते खरं ठरू नये म्हणून मी देवाला हात जोडत होतो.

अक्कलकुव्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून भिकनची सासुरवाडी. ट्रक दारातच उभा होता. अंगणातल्या कडुलिंबाखाली शेळ्या बसलेल्या, म्हणून ट्रक उन्हात. ट्रकच्या चाकाला टेकून भिकनचा सासरा उकिडवा बसला होता, तोंडात न पेटलेली बिडी. आणि घरातून भिकनची सासू चुलीतलं कोलीत हातात धरून बाहेर येत होती.

आबांनी जीप नीट थांबवलीसुद्धा नाही. उडी मारून धावले. त्या वयाचा माणूस तसा धावलेला मी पाहिला नाही. "माय! मांगे फिर! आग घरात ने, माय!" ती बाई घाबरून जागीच थबकली. तोवर आबा चाकाशी पोचले होते. त्यांनी सासऱ्याच्या तोंडातली बिडी ओढून काढली आणि चुरगाळून फेकली.

"कोन शे हाऊ येडा?" सासरा उठून उभा राहिला. "मन्हाच दारमा मन्ही बिडी!"

मी त्या बाईच्या हातातलं कोलीत घेतलं, घरामागं नेऊन पाण्याच्या बादलीत बुडवलं. परत आलो तेव्हा ट्रकमधून एक बारीक 'फट्' ऐकू आलं. आणि वास होताच.

भिकन जेवता जेवता उष्ट्या हातानं बाहेर आला. "आबा? तुम्ही आठे कसं काय?"

"तुन्ही पोर कोठे शे?" आबांनी विचारलं.

"आतमा. झोपनी शे."

आबा मटकन खाली बसले. ट्रकजवळच, धुळीत. मग म्हणाले, "तिले अन् तिन्हा मायले मांगला दारनी बाहेर काढ. लांब ने. मंग सांगस."

दोर सोडले, ताडपत्री ओढून काढली, मोकळा वारा लागू दिला. पोलिसांची गाडी आली. त्यांनी रस्त्यावरची माणसं लांब थोपवली. वास विरेपर्यंत आम्ही कोणालाच जवळ जाऊ दिलं नाही. मग शेळ्यांना हाकललं आणि खोकी एकेक करून कडुलिंबाखाली आणली, वर ओली पोती टाकली. सगळ्यात जास्त खोकी भिकनच्या सासऱ्यानंच उचलली. काही खोक्यांत लायटर चिरलेले होते. भाजलं कोणालाच नाही. एका शेळीनं ओल्या पोत्याचा कोपरा खाल्ला, एवढंच नुकसान त्या घराचं झालं.

काम संपल्यावर सासऱ्यानं आबांना पाण्याचा तांब्या दिला. "बिडीनी तल्लफ उनी व्हती," तो म्हणाला. "जवाईले काडी मांगी. तर म्हने, काडी नही. कारखानामा काढी लेतस."

भिकन हसू लागला. "खरं शे, आबा! मन्ही काडेपेटी तुमना डबामा पडेल शे. मांगे गाडीभर लायटर, अन् सासराले बिडी पेटाडाले एक काडी नही. सासरा म्हने, कसा जवाई करा आपण! मंग सासू गयी चुलकडे. चूल इझेल व्हती, ती फुकत बठनी."

आबांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. मग ते हसू लागले. आधी हळू, मग इतकं की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते हसण्याचं होतं की दुसऱ्या कशाचं ते मी विचारलं नाही. ज्या डब्यावरून सगळा तालुका आबांची टिंगल करायचा, त्या डब्यानं आणि एका विझलेल्या चुलीनं ती दुपार निभावून नेली होती.

ऊन उतरल्यावर माल परत आणला. आबांनी व्यापाऱ्याला स्वतः फोन केला. काही लपवलं नाही. "माल येत नही. भरामा चूक व्हयनी, अन् ती मन्ही शे." तो थांबायला तयार झाला. लायटर रिकामे केले, मशीनवर अटकाव पुन्हा बसवला. भरणीच्या कामावर आबांनी मला नेमलं, पण लताबाईंची समजूत मला घालता येईना. थोडं रिकामं सोडायचं म्हटलं की त्यांचा हात अडखळे. शेवटी आबा आले. एक लायटर त्यांनी उजेडाकडं धरला, आतला बुडबुडा त्यांना दाखवला आणि म्हणाले, "लताबाई, शीग आपुन सोडी नही. आधी ती वर ऱ्हाये. आते ती आतमा शे."

लताबाईंनी मान हलवली. त्यानंतर त्यांचा बुडबुडा कधी चुकला नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला ताई आणि आबांचं भांडण झालं. ताईचं म्हणणं, चूक भिंतीवर कशाला? गिऱ्हाईक येतं, बघतं. आबा म्हणाले, "मन्हा खिसा जळना ते लिखं, अन् हाई नही लिखू? मंग भिंत कसाले पाहिजे, चुना लाई टाक." पेंटर शिडीवर ताटकळत बसला होता. शेवटी ओळ सांगितली गेली:

'माप काठोकाठ भरलं. चुकलो. बीएस्सीनं वाचलेलं खरं निघालं. भिकन घरी आला.'

मी खाली उभा राहून ती वाचली. विद्यापीठाचं प्रमाणपत्र माझ्या घरी पेटीत आहे, आईनं ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलंय. पण मी पदवीधर झालो तो त्या भिंतीसमोर. एका माणसानं माझ्या एका वाक्यासाठी उन्हात खुर्ची टाकली होती. ते वाक्य चुकीचं निघालं असतं तरी त्यांनी खुर्ची टाकली हे उरलंच असतं.

पुढं बडोद्याच्या एका तपासणी प्रयोगशाळेत जागा निघाली. लायटर, शेगड्या, रेग्युलेटर, असल्या वस्तू तिथं तपासून प्रमाणित करतात. अर्ज ताईनंच भरायला लावला. निघायच्या दिवशी आबा म्हणाले, "अंगठा दखाड." मी दाखवला. त्यांनी तो दाबून पाहिला. कातडी टणक झाली होती. "आते व्हयना," म्हणाले, म्हणजे आता अंगठा तयार झाला. मग फाटकापर्यंत आले. "आपला लायटर तठे तपासाले उना तर तू हात नको लावजो. दुसराले दे." मी तेच पाळतो. आपला माल आला की मी तो सहकाऱ्याकडं सरकवतो आणि निकाल लागेपर्यंत चहाला जातो. एक कप संपला की दुसरा मागवतो.

आता आबांना ऐकू येत नाही. फोनवर बोलणं होत नाही. परवा ताईचा फोन आला. खंडेनवमी जवळ आली आणि आबा रुसून बसलेत. वर्षभरात काहीच घडलं नाही म्हणतात. पेंटरला बोलवू नको, परत रेघच ओढायची तर मीच कोळशानं ओढतो, असं म्हणाले. मग म्हणाले, बीएस्सीला विचार, त्याला काही सुचतंय का. मी त्याच दिवशी पत्र लिहून पाठवलं. ते असं:

बडोदा, घटस्थापना

तीर्थस्वरूप आबांना,

शिरसाष्टांग नमस्कार. ताईंचा फोन आला होता. तब्येत सांभाळा आणि उन्हात खुर्ची टाकू नका.

इथं माझ्या टेबलावर रोज लायटर येतात. बरेचसे चांगले असतात. काही फुटलेले, जळलेले येतात, आणि त्यांच्यासोबत कागद येतो: कोणाचं बोट, कोणाचा सदरा, एकदा एका मुलाच्या भुवया. मी सगळ्यात आधी लायटर आडवा करून बुडबुडा बघतो. इथल्या साहेबांनी विचारलं, हे कुठं शिकलास? मी म्हणालो, आमच्या मालकांनी चाळणीखाली शिकवलं.

यंदा तुमच्या लायटरसोबत असा एकही कागद आला नाही. मी मुद्दाम सगळे गठ्ठे काढून बघितले.

तुम्ही म्हणता, काही घडलं नाही. ताई सांगत होत्या की भिकनची लेक यंदा शाळेत जायला लागली, आणि तिची वेणी घालायला भिकनला रोज उशीर होतो. लताबाईंना भरणीच्या खोलीत नवा पंखा मिळाला. भिकनचा सासरा अजून बिडी ओढतो, पण ट्रक दारात असला की शेतात जाऊन ओढतो.

आबा, रेघ ओढू नका. पेंटरला बोलवा, शिडी लावायला सांगा, आणि ही ओळ नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात काढून घ्या:

'यंदा कोणाला काही झालं नाही.'

आपला आज्ञाधारक,
बीएस्सी